श्रीनगरला गेलात तर जेवाल कुठे?

आपल्याकडून दरवर्षी कितीतरी कुटुंबं काश्मीरला जातात. दल सरोवर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, मुघल बागा हा कार्यक्रम ठरलेला असतो. जेवणाचा विचार मात्र कोणी करत नाही, कारण ते हॉटेलच्या नाहीतर हाउसबोटीच्या भाड्यातच धरलेलं असतं. सकाळी आलू पराठा, रात्री दाल, जिरा राइस आणि पनीर. काही सहल कंपन्या आपले आचारीच बरोबर नेतात आणि तिथे वरण-भात वाढतात. वयस्कर माणसांची, पथ्यपाण्याची त्यामुळे सोय होते, हे खरंच आहे. पण आठवडाभर काश्मीरमध्ये राहायचं आणि काश्मिरी माणूस काय जेवतो हे न कळताच परतायचं, याची मला फार चुटपुट लागते. म्हणून आज श्रीनगरच्या खाण्याबद्दल बोलणार आहे.

आपल्या मनात काश्मिरी जेवणाचं एक चित्र असतं, ते आधी बाजूला ठेवूया. लग्नाच्या पंगतीत आपण ‘काश्मिरी पुलाव’ खातो, तो गोडसर असतो, वर अननसाचे तुकडे आणि लाल चेरी. श्रीनगरच्या घरात असा भात होत नाही. तिथला रोजचा भात साधा, पांढरा, वाफाळता. आणि तिथला दम आलू गोड नसतो. बटाटे उकडून, टोचून, मोहरीच्या तेलात खरपूस तळायचे आणि लाल मिरची, बडीशेप, सुंठीच्या रश्शात मुरवायचे. तिखट, झणझणीत लागतो. कोल्हापूरच्या माणसाला तो पहिल्या घासाला आवडेल.

श्रीनगर ओळखायचं असेल, तर सुरुवात भटारखान्यापासून करावी. तिथे रोटी करणाऱ्याला कांदुर म्हणतात. जुन्या शहरात जवळपास प्रत्येक मोहल्ल्याला आपला कांदुर असतो. पहाटे अजानच्या सुमाराला त्याचा तंदूर पेटलेला असतो. तंदूर ओट्यात पुरलेला, कांदुर त्याच्या तोंडाशी मांडी घालून बसलेला. कणकेचा गोळा तो हाताने थापतो, बोटांनी त्यावर ओळीने खळगे पाडतो आणि तंदूरच्या आतल्या भिंतीवर चिकटवतो. थोड्या वेळात लोखंडी सळ्यांनी ती रोटी बाहेर येते. ही गिर्दा. वरून तांबूस, कडेला कुरकुरीत, आत मऊ. घराघरांतून मुलं, म्हातारी माणसं फडकी, टोपल्या घेऊन येतात, गरम गिर्दा घेऊन जातात. घरी तिला लोणी लावायचं आणि नून चायबरोबर खायची.

नून चाय म्हणजे मिठाचा चहा. हिरव्या चहाची पानं चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात खूप वेळ उकळतात, अर्क गडद लाल होतो, मग दूध घातलं की रंग गुलाबी. आपल्या जिभेला पहिला घोट विचित्र वाटतो. साखरेच्या चहाची अपेक्षा सोडून, गरम पेज प्यायल्यासारखा तो प्यावा, म्हणजे त्यातली मजा कळते. दुपारी कांदुरकडे दुसरा माल निघतो: तीळ लावलेली, कड्यासारखी गोल चोचवोर. ती चहात बुडवून खातात. लवासा नावाची पातळ, मोठी रोटीही मिळते. शिवाय बाकरखानी, शीरमाल, खसखस लावलेले कुलचे. पर्यटकांना सगळीकडे कहवा पाजतात, केशर-वेलची-बदामाचा. तो उत्तमच असतो, पण तो पाहुणचाराचा. रोजचा चहा नून चाय. हे सगळं बघायला जुन्या शहरात जा. झेलम नदीवरच्या पुलांना तिथे कदल म्हणतात. झैना कदल, आली कदल या पुलांच्या आसपास सकाळी सहा-सातला पायी फिरलात, तर वासानेच कांदुरचं दुकान सापडेल. सबंध काश्मीर सहलीत इतकं स्वस्त आणि इतकं अस्सल खाणं दुसरं मिळणार नाही.

हिवाळ्यात जाणार असाल, आणि मटण खात असाल, तर याच जुन्या शहरात हरिसा खा. मटण आणि तांदूळ रात्रभर मोठ्या मडक्यात मंद आचेवर शिजवतात, लाकडी दांड्याने घोटघोट घोटतात, हाडं काढून टाकतात. पहाटे त्याचा एकजीव, दाट लगदा झालेला असतो. ताटलीत घालून वर कडकडीत तेल ओततात, बरोबर गिर्दा. आली कदल परिसरातली हरिसाची दुकानं प्रसिद्ध आहेत. उजाडताना पोचावं लागतं. उन्हं वर आली की मडकी रिकामी. उन्हाळ्यात हा प्रकार विचारू नका, मिळणार नाही.

आता वाजवान. काश्मिरी जेवण म्हटलं की हाच शब्द पुढे येतो. वाजवान म्हणजे मुळात लग्नाचं जेवण. ते करणारा आचारी म्हणजे वाजा. श्रीनगरात त्यांचा स्वतंत्र मोहल्लाच आहे, वाजापोरा. लग्नघरी फळझाडांच्या लाकडाचा लांबलचक जाळ, त्यावर ओळीने तांब्याची पातेली, आणि बाजूला दगडावर लाकडी हातोडीने मटण कुटणारी माणसं. हाच कुटलेला, चरबी मिसळलेला मऊसूत गोळा लाल रश्शात गेला की रिस्ता होतो आणि दह्याच्या पांढऱ्या रश्शात गेला की गुश्ताबा. बरगडीचं मटण आधी शिजवून मग तुपात तळलं की तबक माझ. रोगन जोश या मटणाच्या पदार्थाचा लाल रंग पुष्कळदा मावळ नावाच्या फुलाच्या अर्काचा असतो; आपण ज्याला कोंबडा म्हणतो, तेच हे फूल. चार माणसं मिळून एका मोठ्या तांब्याच्या ताटात, त्रामीत, जेवतात. ताटात भाताचा ढीग, त्यावर कबाब आणि तबक माझ, मग वाजा एकेक पदार्थ वाढत येतो. गुश्ताबा आला की ओळखायचं, जेवण संपत आलं.

हे लग्नाचं आमंत्रण आपल्याला कुठून मिळणार? तेव्हा हॉटेलात जावं लागतं. रेसिडेन्सी रोडवरचं अहदूज हे त्यासाठी जुनं आणि भरवशाचं ठिकाण. 1918 साली बेकरी म्हणून सुरू झालं, आणि श्रीनगरचे लोकही पाहुण्यांना तिथेच नेतात. त्याच रस्त्यावर मुघल दरबार आहे. एक सूचना मनापासून करते: अख्खी वाजवान थाळी एकट्याने मागवू नका. हे पदार्थ जड असतात, तिसऱ्या वाटीनंतर चव लागेनाशी होते. चौघांनी मिळून रिस्ता, तबक माझ, रोगन जोश आणि शेवटी गुश्ताबा मागवावा, बरोबर साधा भात आणि दह्यातली मुळ्याची चटणी. तेवढ्यात वाजाच्या हाताची कल्पना येते.

शाकाहारी श्रोते म्हणतील, आमचं काय? तुमच्यासाठी श्रीनगर मुळीच कोरडं नाही. दलच्या पाण्यातच भाजीचे मळे आहेत, आणि पहाटे होड्यांचा भाजीबाजार भरतो. तिथे कमळाच्या देठांच्या जुड्या दिसतील. हे नदरू, म्हणजे कमळकाकडी. दह्यात बडीशेप घालून शिजवली की नदरू यखनी होते; हलकी, सौम्य, भाताबरोबर अप्रतिम. आणि हाख: हिरवी पालेभाजी, फक्त मोहरीचं तेल, हिंग, अख्खी लाल मिरची आणि भरपूर पाणी. मसाला नाही, वाटण नाही. काश्मिरी माणूस परगावी गेला की त्याला आठवण येते ती हाख-भाताची. टोमॅटोतलं पनीर, म्हणजे टमाटर च्यामन, तर वाजवानातही असतं. मात्र मोठ्या हॉटेलांतून मटणाचा रस्सा आणि भाजी एकाच स्वयंपाकघरात शिजते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुर्गानागजवळच्या कृष्णा वैष्णो ढाब्यावर राजमा-भात खावा. जेवण पंजाबी वळणाचं, पण पूर्ण शाकाहारी.

काश्मिरी पंडितांची स्वयंपाकाची रीत वेगळी. त्यांच्या रोगन जोशमध्ये कांदा-लसूण नसतो. हिंग, सुंठ, बडीशेप आणि दही यांवर तो उभा राहतो. 1990 च्या सुमाराला बहुतेक पंडित कुटुंबांना खोरं सोडावं लागलं, आणि ती चव त्यांच्याबरोबर जम्मूला, दिल्लीला गेली. श्रीनगरच्या हॉटेलांत ती फारशी भेटत नाही. या शहराच्या ताटातला एक मोठा भाग आज तिथे नाही, हे जेवताना आपल्याला ठाऊक असावं असं मला वाटतं.

संध्याकाळची दोन ठिकाणं. हजरतबल दर्ग्याबाहेरच्या गाड्यांवर नदरू मोंजे मिळतात: कमळकाकडीच्या लांब फोडी तांदळाच्या पिठात बुडवून तळलेल्या, वर चटणी. आणि खय्याम चौकात अंधार पडला की निखाऱ्यांवर मटणाच्या सळ्या चढतात. त्यांना तुज म्हणतात. लवाशाबरोबर आणि चार-पाच चटण्यांबरोबर खायच्या, गरम असतानाच.

रमजानच्या महिन्यात दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात, रोजा सुटल्यावर जुनं शहर जागं होतं. सहल त्या दिवसांत असेल तर वेळ तशी ठेवा. जुन्या शहरात कुणाच्या दुकानाचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा.

आणि शेवटची विनंती. पुढच्या वेळी श्रीनगरचं आरक्षण कराल, तेव्हा दोन रात्रींचं जेवण आणि एका सकाळचा नाश्ता भाड्यातून वगळायला सांगा. तुमच्या गाडीच्या चालकाला, शिकाऱ्यावाल्याला विचारा, ‘भाई, आप कहाँ खाते हैं?’ तो जिथे नेईल तिथे जेवा, आणि त्यालाही आपल्याबरोबर बसवा.