“बौद्ध ते झालेच, पण मूळचे कोण?”

(सुलतानपूर, जि. बुलढाणा येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत झालेले भाषण)



आज मी आपल्यापुढे एका लहानशा प्रश्नाचा विचार मांडणार आहे. मेहकरकडे किंवा लोणारकडे जाणाऱ्या गाडीत शेजारचा गृहस्थ विचारतो, “कोणत्या गावचे?” आपण म्हणतो, सुलतानपूरचे. “आडनाव काय?” आपण आडनाव सांगतो. त्याने उलगडा झाला नाही की, “कोणत्या वस्तीत राहता?” आणि अखेर, “म्हणजे तुम्ही कोण?” आपण सांगतो, “बौद्ध.” संभाषण येथे संपावयास हवे. ते संपत नाही. “बौद्ध ते झालेच हो, पण मूळचे कोण?” हा प्रश्न म्हणजे निव्वळ चौकसपणा, की माणसाचा अपमान?

गाव, घराणे, सोयरेधायरे विचारून ओळख काढण्याची आपल्या मुलखाची जुनीच रीत आहे. म्हातारी माणसे ‘कोणाचा रे तू?’ असे विचारतात, त्यात पुष्कळदा मायाच असते. ती मी नाकारीत नाही. परंतु मायेचा प्रश्न एका उत्तराने तृप्त होतो. उत्तर मिळाल्यावरही जो तोच प्रश्न वेष पालटून पुनःपुन्हा येतो, त्याला माहिती नको असते. समोरच्या माणसाला कोणत्या पायरीवर बसवावयाचे, एवढेच त्याला ठरवावयाचे असते.

परदेशातही हा वाद झाला आहे. 29 नोव्हेंबर 2022 रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात एक समारंभ होता. एन्गोझी फुलानी या ब्रिटनमध्येच जन्मलेल्या कृष्णवर्णीय बाई तेथे पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. राजघराण्याच्या सेवेतील एका वयोवृद्ध बाईंनी त्यांना, तुम्ही खरोखर कोठल्या, असे परोपरीने विचारले. ब्रिटनच्याच, हे उत्तर त्यांना पुरले नाही. बोभाटा झाल्यावर विचारणाऱ्या बाईंनी आपले मानाचे पद सोडले आणि पुढे समक्ष क्षमा मागितली. हेतू वाईट होता की नव्हता, यावर तेथे बराच खल झाला. मला तो खल गौण वाटतो. ज्या माणसाचे स्वतःविषयीचे उत्तर ग्राह्य धरले जात नाही, त्याचा अपमान विचारणाऱ्याच्या हेतूवाचूनही होतो.

मात्र त्यांच्या आणि आपल्या प्रश्नात एक भेद आहे, तो ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तेथे वर्ण डोळ्यांना दिसतो. जात दिसत नाही. बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात दाखवून दिले की, पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार हे एकाच वंशाचे आहेत. जात म्हणजे वंश नव्हे. चेहऱ्यावर, रंगावर, बोलण्यावर जी ओळखता येत नाही, ती जात विचारूनच काढावी लागते. विचारणाऱ्यावाचून जातीला डोळे नाहीत.

याचा पुरावा बाबासाहेबांच्या स्वतःच्या बालपणात आहे. 1901 साली ते भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. मुलांचे कपडे नीटनेटके होते. स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, असे विचारताच लहानग्या भीमरावांच्या तोंडून खरे उत्तर निघून गेले. क्षणात मास्तरांचा चेहरा पालटला. पुढे गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतःच गाडी हाकावी या अटीवर एक गाडी मिळाली. रात्री पाण्यासाठी नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागले, आणि तरीही पाणी मिळाले नाही. मुले तीच, कपडे तेच. मध्ये केवळ एक प्रश्न आणि एक उत्तर आले होते.

भगवंतांनाही हा प्रश्न चुकला नाही. सुत्तनिपातात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण हविशेष कोणाला द्यावा हे पाहत येतो आणि भगवंतांना त्यांची जात विचारतो. भगवंत त्याला जातीऐवजी आचरणाची चौकशी करावयास सांगतात. त्यांनी आपले क्षत्रिय कूळ पुढे केले असते तर दान सुखाने मिळाले असते. त्यांनी तसे केले नाही, प्रश्नच दुरुस्त करून दिला. आनंदाची कथाही आपण ऐकली असेल. विहिरीवरील मातंग कन्येने आपली जात सांगून पाणी देण्यास संकोच केला, तेव्हा आनंदाने तिला सांगितले की मी जात विचारली नाही, पाणी मागितले आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. जुने झालेले नाही, मार्ग तेवढे बदलले आहेत. शहरात भाड्याची खोली देताना मालक आहाराची चौकशी करतो, ती नेहमीच स्वयंपाकघरापुरती नसते. महाविद्यालयात प्रवेशाचा क्रमांक विचारतात. जुलै 2023 मध्ये मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेला विद्यार्थ्यांसाठी सूचना काढावी लागली की, ज्यातून जात उघड होईल असा क्रमांक किंवा गुण सहाध्यायांना विचारणे अनुचित आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

मग सरकार आपली जात विचारते, त्याचे काय? येथे घोटाळा होऊ देऊ नका. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. त्यामुळे 1956 साली दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या सवलतींस मुकावे लागले. महाराष्ट्र राज्याने 1960 साली त्या दिल्या. केंद्राचा कायदा व्हावयास 1990 साल उजाडले. दाखल्यावर पूर्वीची जात लिहिली जाते ती आपली ओळख म्हणून नव्हे. ती झालेल्या अन्यायाची नोंद आहे, आणि त्या नोंदीवर मुलांचे शिक्षण उभे आहे. तेथे लाजू नका, लपवू नका. जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला आहे. प्रगणकाला धर्म ‘बौद्ध’ असा स्पष्ट सांगा आणि अनुसूचित जातीच्या प्रश्नाला यादीतील नाव सांगा. गाडीतील गृहस्थाला मात्र हा अधिकार नाही. त्याला सौजन्याने एकदा उत्तर द्यावे, “बौद्ध,” आणि पुन्हा विचारल्यास पुन्हा तेच. खोटे आडनाव सांगण्याचे कारण नाही आणि भांडण्याचेही नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे घरीच शिकवून ठेवा. वर्गात ऐनवेळी सुचत नाही.

एक बोलणे राहिले, आणि ते कडू आहे. सोयरीक जुळविताना आपल्याच ओटीवर ‘बावणे की लाडवण? सोमवंशी का?’ असे विचारले जाते. 2007 साली मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर भटक्या-विमुक्तांतील हजारो लोकांनी दीक्षा घेतली. मातंग, चर्मकार समाजांतूनही माणसे येत आहेत. अशी कुटुंबे आपल्या विहारात आली म्हणजे आपल्यातील जुनी मंडळी त्यांना कोपऱ्यात घेऊन काय विचारतात? “मूळचे कोण?” गाडीतील गृहस्थावर आपण रागावतो, तो राग येथे कोठे जातो? येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मुलगी पाहण्यास पाहुणे येतील, त्यांनी हा प्रश्न आपण होऊन विचारू नये आणि पाहुण्यांनी विचारल्यास त्याचे उत्तर देऊ नये, अशी माझी विनंती आहे. स्थळ हातचे जाईल ही भीती मी जाणतो. काही स्थळे जातीलही.

ज्यांच्या मुलांचे दाखले अद्याप निघालेले नाहीत त्यांनी सभा आटोपल्यावर थांबावे. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल कोणापाशी आहे, ते आजच पाहून घेऊ.

जय भीम.