पाकिटात चेक घालण्याआधी

मी बँकेच्या क्लिअरिंग विभागात काम केलेला माणूस. आज बोलायचंय ते पोस्टाने पाठवलेल्या चेकबद्दल. यूपीआयच्या जमान्यात चेक कोण पाठवतं, असं म्हणू नका. इंदूर-बडोद्यात राहणारे आपलेच कितीतरी लोक पुण्यातल्या फ्लॅटचा मेंटेनन्स अजून चेकनेच पाठवतात.

बहुतेकांना वाटतं, कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहिलं की झालं. त्याने एवढंच होतं, की पैसे रोख न मिळता ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जातात. पण पाकीट वाटेत लांबवलं आणि रसायनाने नावच पुसून बदललं, तर? साध्या बॉलपेनची शाई अशी पुसता येते.

बँक पकडेल की! पूर्वी चेकचा कागद तुमच्या बँकेत यायचा. आता सीटीएसमध्ये तिला फक्त त्याचं चित्र दिसतं. शिवाय ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसा ठरलेल्या वेळेत पुढे आलेल्या चेकचा निर्णय त्याच संध्याकाळी ७ पर्यंत होतो. आठवड्याने ‘चेक मिळाला का?’ विचारेपर्यंत पैसे गेलेले असतात.

म्हणून पॉझिटिव्ह पे वापरा. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे. चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम बँकेला अ‍ॅपवर किंवा शाखेत आधीच कळवायची. चेक आल्यावर तपशील जुळला नाही, तर दोन्ही बँकांना तसा इशारा मिळतो. ५ लाखांपासून पुढे बँक ही नोंद सक्तीची करू शकते. आणि सीटीएसच्या वाद-निवारणात नोंदवलेल्या चेकचाच विचार होतो, हे विसरू नका.

रक्कम लहान असेल, तर सरळ एनईएफटी करा. समोरचा चेकच मागत असेल, तर काळ्या जेल पेनने लिहा. पूर्ण नाव, पुढे त्याचा खाते क्रमांक आणि उरलेल्या जागेत रेघ. स्पीड पोस्टने पाठवा, चेकचा फोटो स्वतःकडे ठेवा, ट्रॅकिंग रोज बघा.

पाकीट वेळेत पोचलं नाही, तर आधी स्टॉप पेमेंट करा. पोस्टाकडे चौकशी नंतर. बँक त्याचे थोडे पैसे घेईल, घेऊ द्या.