झाडोऱ्याच्या नदीला कोणती काठी?

(तालुका बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या काट्यावर बोलून झाले, कडब्यावर बोलून झाले. जेवणाआधी अर्धा तास गळाच्या काठीवर बोला, अशी चिठ्ठी व्यासपीठावर आली तेव्हा आम्हाला कुणीतरी थट्टा केली असे वाटले. पण चिठ्ठीच्या खाली लिहिले होते, "पोरं डोहात औषध टाकून मासे धरतात. त्यांना काठी शिकवा." मग थट्टा राहिली नाही.

आपल्या नद्या त्या कोणत्या? सीना, ढोरा आणि त्यांना मिळणारे ओढे. भादव्यात पाणी वाहते, मार्गशीर्षापर्यंत डोहात टिकते, पुढे वाळू. पाणी दोन काठ्या रुंद आणि काठाला वेडी बाभूळ. ही बया १८७७ साली बाहेरून या देशात आणली, आता ती आपल्यालाच नदीकाठी येऊ देत नाही. पाण्यात बेशरम आणि पाणकणीस. अशा जागी मासेमारीच्या पुस्तकातली काठी चालत नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. शहरातून एकात एक सरकणारी बारा फुटी फायबरची काठी आणली होती. लांब काठी म्हणजे मोठा मासा, ही आमची अक्कल. बाभळीखाली उभे राहून काठी मागे घेतली, गळ फांदीत. सोडवला, पुन्हा फेकला, गळ समोरच्या बेशरमीत. तिसऱ्यांदा ओढताना शेंडा मोडला. शेजारी एक पोरगा साध्या कळकाच्या काटकीवर चिलापी काढीत होता. त्याने आमच्याकडे बघून हसू दाबले, ते आम्हाला जास्त लागले.

तेव्हा पहिला प्रश्न हा की झाड कुठे आहे. डोक्यावर फांद्या असतील, बोगद्यासारखा ओढा असेल, तर काठी सहा-सात फुटांची. आपल्या डोक्यावर एक हात जाईल एवढी. दोरा काठीपेक्षा थोडा आखूड. तिथे हात फिरवून फेकायचे नाहीच. गळाचा वाक मागून चिमटीत धरायचा, टोक बोटापासून बाहेर ठेवायचे, दोरा ताणून शेंडा वाकवायचा आणि सोडून द्यायचे. गलोलीतला खडा सुटतो तसा गळ फांद्यांखालून सरळ जातो.

पण डोक्यावर आभाळ मोकळे आणि झुडूप फक्त काठाला असेल, तर उलटे. तिथे दहा-बारा फुटांची काठी बरी. काट्यांच्या अलीकडे उभे राहायचे आणि शेंडा झुडपावरून नेऊन गळ सरळ खाली सोडायचा. म्हणजे आमची ती शहरातली काठी वाईट नव्हती, जागा चुकली होती.

दुसरा प्रश्न मासा कोणता. चिलापी हा मासा १९५२ साली देशात आणला गेला. तो हलके टोचतो, त्याला मऊ शेंडा पाहिजे. मरळ वेगळी. ती गवतात राहते, वर येऊन हवा घेते, आणि गळ लागला की थेट पाणकणसाच्या बुडात घुसते. एकदा घुसली की दोरा तुटला समजा. तिला ताठ, जाड काठी आणि जाड तंगूस. खेळवत बसू नये, लागताच उचलून काठावर घ्यावी. पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस थवा पाण्यावर दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली राखणीला मरळच असते, तिला काढली की थवा इतर माशांच्या पोटात जातो.

आता काठी आणायची कुठून? पऱ्हाटी आणि तुरकाठी दोन्ही आम्ही वापरून पाहिल्या, मोठ्या माशाला मोडतात. माणवेलीचा भरीव बांबू सगळ्यांत चांगला. दोन-तीन वर्षांचा, पेरे जवळ जवळ असलेला घ्या. पावसाळा संपल्यावर थंडीत तोडा, तेव्हा भुंगा कमी लागतो. सावलीत टांगून वाळवा, उन्हात तडकतो. वरून करडईचे तेल चोळा. ते सुकून वर पातळ थर धरते, पाणी कमी मुरते. तरंगायला ज्वारीच्या ताटातला भेंडा. दोरा नुसता शेंड्याला बांधू नका. दोन हात खाली गाठ मारून वेढे देत शेंड्यापर्यंत न्या. शेंडा मोडला तरी मासा आणि दोरा हातात राहतो.

बांधावर बांबू लावा. पूर्वी स्वतःच्या रानातला बांबूसुद्धा कायद्याच्या नजरेत झाड होता, न्यायचा तर परवान्याच्या खेटा. २०१७ साली वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला. इतकी साधी गोष्ट कळायला सरकारला नव्वद वर्षे लागली.

एक ताकीद. नदीकाठी आपल्याच मोटारींच्या वायरी लोंबतात, वर अकरा हजारांची लाईन असते. ओला बांबू वीज वाहून नेतो, कार्बनची काठी तर तारेसारखीच. लाईनखाली लांब काठी उभी करायची नाही. पोरांना हे गळ बांधायच्या आधी सांगा.

आणि औषध. काही वर्षांपूर्वी आमच्या डोहात कुणीतरी कपाशीचे औषध ओतले. सकाळी सगळा डोह पांढरा, बोटाएवढी पिल्लेसुद्धा. लोकांनी पाट्या भरून नेले. त्याच डोहावर आमची जनावरे पाण्याला जात होती. ज्या औषधाच्या डब्यावर आपण फवारणीनंतर हात धुवा असे वाचतो, ते माशातून लेकरांच्या ताटात. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारायला कायद्याने मनाई आहे, पण ओढ्यावर पोलीस कोण आणणार? ओढा आपला, पहारा आपला. फवारणीचा पंपही नदीत धुऊ नका. सायपरमेथ्रीनसारखी औषधे अगदी थोडी असली तरी मासा मरतो. त्या वर्षीनंतर दोन पावसाळे आमच्या डोहात भेंडा हलला नाही.

मांडवामागे सात काठ्या ठेवल्या आहेत, आखूड-लांब दोन्ही. जेवण होईपर्यंत उचलून, वाकवून बघा. गळ काढून ठेवले आहेत, लेकरे फिरताहेत म्हणून.