कागदावरचा लेसर
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



‘मुलगी संशोधन करते म्हणजे नक्की काय करते हो?’ असा प्रश्न गणेशोत्सवाच्या मांडवात मला हमखास विचारला जातो. ती यंत्राला हात न लावता नुसती आकडेमोड करीत असेल, तर त्या प्रश्नात काळजीही असते. म्हणून आज हर्बर्ट क्रोमर यांच्याविषयी बोलावे असे योजिले आहे.

क्रोमर यांचा जन्म १९२८ साली जर्मनीतील वायमार येथे झाला. आईवडील फारसे शिकलेले नव्हते. मुलांनी मात्र उत्तम शिकावे याविषयी त्या घरात दुमत नव्हते. १९४८ साली बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा शहराला रसद पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका विमानातून ते पश्चिमेकडे गेले. १९५२ साली गटिंगेनची डॉक्टरेट मिळवून ते जर्मन टपाल खात्याच्या दूरसंचार प्रयोगशाळेत लागले, आणि पुढे अमेरिकेत गेले. अर्धवाहक उपकरणाच्या पोटात काय घडते त्याचे गणित मांडणे, हेच त्यांचे काम.

१९६२ साली अर्धवाहकाचा पहिला लेसर चालला; पण द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि तोही क्षणाक्षणाच्या स्पंदांनी. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिक्त जागा, म्हणजे ‘होल’, यांचा संयोग झाला की प्रकाश निघतो. परंतु सर्वत्र एकच पदार्थ असल्यामुळे त्यांना अडविणारे काही नसते. ते पांगतात, ती तूट भरून काढण्यासाठी एवढा प्रवाह सोडावा लागतो, की स्फटिकच तापून जातो.

नेहमीच्या तापमानाला हा लेसर अखंड चालणे तत्त्वतःच अशक्य, असे १९६३ साली क्रोमर यांच्या कानी आले. त्यांना ते पटेना. निराळ्या, अधिक रुंद ऊर्जा-अंतराच्या दोन थरांमध्ये पातळ थर बसविला, तर बांध घातलेल्या भातखाचरात पाणी साठावे तसे इलेक्ट्रॉन आणि होल तेथेच कोंडले जातील, असे त्यांनी मांडले. एका नियतकालिकाने तो लेख नाकारला, दुसऱ्याने छापला. कंपनीने तर काम करण्यास परवानगीच दिली नाही, कारण व्यावहारिक उपयोग दिसेना! मी त्या व्यवस्थापकांना मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या हिशेबाच्या वहीत कॉम्पॅक्ट डिस्क नव्हती, काचतंतूतून जाणारे संभाषण नव्हते. ती कोणाच्याच वहीत नव्हती. नवे तंत्र आपले उपयोग स्वतःच निर्माण करते, असे क्रोमर पुढे आग्रहाने सांगत.

ते रुसून बसले नाहीत. गन परिणामाकडे वळले आणि १९६४ साली त्याची उपपत्ती मांडली. तो लेसर मात्र त्यांच्या हातून घडला नाही. १९७० साली लेनिनग्राडला अल्फेरॉव्ह यांच्या गटाने, आणि बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी, तो नेहमीच्या तापमानाला अखंड चालविला. क्रोमर आणि अल्फेरॉव्ह यांना नोबेल मिळण्यास २००० साल उजाडले.

मला अधिक मोलाचा वाटतो तो १९७६ सालचा निर्णय. सांता बार्बराच्या विद्यापीठात येताच त्यांनी सुचविले, की सिलिकॉनमध्ये मोठ्यांशी स्पर्धा न करता आपले तुटपुंजे बळ संयुग-अर्धवाहकांवरच लावावे. ते विद्यापीठ या विषयात अग्रगण्य झाले.

२०२४ साली क्रोमर निवर्तले. आज अशा उपकरणाचा प्रवाह, उष्णता, प्रकाश हे सारे आधी संगणकावर अजमावतात, मग स्फटिक वाढवितात. तरीही ऊर्जापट्टांचे चित्र ज्याला काढता येत नाही त्याला आपण काय बोलतो ते कळत नाही, हा क्रोमर यांचा दंडक मी वर्गात लागू करतो. तेव्हा अभ्यासाच्या टेबलावर वाकड्यातिकड्या रेघांचे कागद आढळले, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी कृपया मुलीला विचारावे.