एका पर्वाची दंगल
(मुर्री, जि. गोंदिया येथील व्याख्यान)



मुर्रीहून बालेवाडी पुष्कळ दूर; तरीही नोव्हेंबर 2018 मध्ये पुण्याच्या त्या क्रीडा संकुलात विदर्भाचे नाव दुमदुमले. झी टॉकीज या वाहिनीच्या ‘महाराष्ट्र कुस्ती दंगल’ या व्यावसायिक स्पर्धेत सहा संघ उतरले होते. त्यांपैकी एक ‘विदर्भाचे वाघ’. यशवंत सातारा, कोल्हापुरी मावळे, वीर मराठवाडा, पुणेरी उस्ताद व मुंबई अस्त्र हे उर्वरित पाच. एरवी एकट्याने झुंजणारा मल्ल येथे संघासाठी लढला आणि त्याचे डाव घरोघरी पाहिले गेले.

राज्य कुस्तीगीर परिषद 1953 पासूनची. तिच्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत माती व गादी या विभागांचे विजेते गदेसाठी भिडतात. पण गदा एकालाच मिळते. दूध, तूप, बदामाचा खुराक मात्र प्रत्येक मल्लाला बारमाही लागतो. जत्रेतील इनामावर तो कितीसा भागणार? संघाकडून मिळणाऱ्या मानधनाचे मोल येथेच कळते.

दुर्दैवाने ही दंगल वार्षिक स्पर्धा म्हणून रुजली नाही. पुढील हंगामासाठी घाम गाळणाऱ्या वैदर्भीय तरुणांना ‘विदर्भाचे वाघ’ पुन्हा गादीवर दिसले नाहीत.