दार कुणाच्या हातात?
(‘स्त्रिया आणि घर’ या विषयावरील शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आपल्याकडे लॉफ्ट म्हटलं की पोटमाळा डोळ्यांपुढे येतो. जुन्या गाद्या, गौरीचे मुखवटे, आजीचं पितळी घंगाळ. अमेरिकेत मात्र लॉफ्ट हे ऐटीचं घर असतं. बंद पडलेली गिरणी किंवा गोदाम दुरुस्त करतात, एकेका मजल्याचे भाग पाडतात आणि भाड्याने देतात. विटांच्या उघड्या भिंती, जाडजूड लाकडी तुळया, पुरुषभर उंचीहून मोठ्या खिडक्या. गेल्या वर्षी असं एक घर पाहायला मी गेले होते. माझ्यासाठी नाही, माझ्या मावसबहिणीसाठी.

पंधरा वर्षांच्या संसारानंतर तिचा घटस्फोट झालेला. नऊ वर्षांची मुलगी, चांगली नोकरी, पण आजवरच्या एकाही घराच्या करारावर तिचं नाव नव्हतं. घराचं भाडं ऐकून माझ्यातली समाजकार्यकर्ती लगेच हिशेब मांडायला लागली. बहीण म्हणाली, “ताई, बाईनं एकटं राहायचं म्हणजे कसंबसंच राहायचं, असं कुठे लिहिलंय?” मी गप्प बसले. खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे घर होतं मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावी. १८२०च्या दशकात तिथे नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत कामाला आल्या त्या बहुतेक खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली. घर दाखवणारा माणूस खिडक्यांचं कौतुक करत होता, “बघा, केवढा उजेड!” तो उजेड कुणासाठी होता हे मी आदल्या दिवशी तिथल्या बूट कॉटन मिल्स संग्रहालयात वाचलं होतं. विजेचे दिवे नव्हते, म्हणून मागावरचं सूत दिसायला मोठ्या खिडक्या. आणि हवेत दमटपणा राहून धागा तुटू नये म्हणून त्या बंद ठेवायच्या. बायका कापसाची तूस श्वासातून ओढत दिवसाला बारा-तेरा तास काम करायच्या. उजेड धाग्यासाठी होता, दमट हवाही धाग्यासाठीच. आणि तो कापूस यायचा दक्षिणेतून, गुलामांनी पिकवलेला.

या मुली राहायच्या कंपनीच्या खानावळींमध्ये. एका खोलीत चार-सहा जणी, एका पलंगावर दोघी, रात्री दहाला दार बंद. खानावळ चालवणाऱ्या बऱ्याच जणी विधवा होत्या. १८३४ साली मजुरी कापली म्हणून या मुली संपावर गेल्या. १८३६ साली पुन्हा गेल्या, आणि या वेळचं कारण नीट ऐका. कंपनीने राहण्याजेवणाचा खर्च वाढवला होता. सुमारे पंधराशे मुली कामावरून बाहेर पडल्या. म्हणजे आज जिथे ऐटीची घरं भाड्याने मिळतात, त्याच गावात दोनशे वर्षांपूर्वी बायकांनी राहण्याच्या खर्चावरून संप केला होता!

त्यांत हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. मोठ्या मुली बाहेर पडायचं की नाही म्हणून घुटमळत होत्या, तेव्हा ही पुढे झाली आणि तिच्यामागे सगळा विभाग बाहेर आला. पुढे १८९८ साली तिने आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. तिची आई विधवा होती आणि कंपनीची खानावळ चालवायची. संपानंतर कंपनीने आईला काढून टाकलं. कारण काय, तर स्वतःची लेक तिला आवरता आली नाही. एका दिवसात काम गेलं आणि डोक्यावरचं छप्परही गेलं, कारण दोन्ही एकाच मालकाच्या हातात होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट तुम्हाला परकी वाटते का? समुपदेशन केंद्रात माझ्यासमोर बसणाऱ्या बाईचा मालक नवरा असतो, एवढाच फरक. नातं तुटलं की छप्पर जातं.

आपल्या गिरणगावातही खानावळवाल्या होत्या. हजारो कामगारांना त्यांनी जेवू घातलं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांच्या बळावर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. लोवेलने निदान इमारती राखल्या, संग्रहालय केलं. आपण बऱ्याच ठिकाणी नुसती चिमणी ठेवली. पण इमारत वाचली म्हणजे माणसं वाचली असं नाही. लोवेलच्या त्या घराचं भाडं आजच्या कापडकामगार बाईला परवडणारं नाहीच.

आता माझ्या बहिणीकडे येते. घर तिला फार आवडलं. लेक तर खिडकीत जाऊन बसली. मग बहिणीने विचारलं, “झोपायच्या खोलीचं दार कुठाय?” दार नव्हतंच. वरचा माळा खाली उघडा. तो माणूस हसून म्हणाला, “तीच तर लॉफ्टची मजा!” बहीण हसली नाही. पंधरा वर्षं आतून कडी लावायची सोय नसलेल्या घरात राहिलेल्या बाईला त्यात मजा वाटत नाही.

तिने ते घर घेतलं नाही. पण जाण्याआधी कराराचा कागद पूर्ण वाचला, आणि तिच्याबरोबर मीही शिकले. त्या राज्यात एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. बाई एकटी आहे किंवा तिला मूल आहे म्हणून घर नाकारणं कायद्याविरुद्ध आहे. आणि २०१३ पासून असा कायदा आहे की घरगुती हिंसा किंवा पाठलाग सोसणारी भाडेकरू लेखी कळवून करार मुदतीआधी संपवू शकते, कुलूप बदलून मागू शकते.

आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. २००५च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचं १७वं कलम सांगतं की सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, मग कागदावर तिचं नाव असो वा नसो. भाड्याचं घरही त्यात येतं. १९व्या कलमाखाली न्यायालय नवऱ्याला दुसऱ्या घराचं भाडं द्यायला लावू शकतं. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं तर मालकाने पुरावा द्यायचा. “बाईमाणसाला कशाला कागद?” असं म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा.

एकटीला, घटस्फोटितेला, मुस्लिम किंवा दलित मैत्रिणीला घर नाकारलं जातं तेव्हा ती गोष्ट तिच्या एकटीची राहू देऊ नका. घर बघायला दोघी-तिघींनी मिळून जा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुम्ही राहता त्या घराचा कागद काढा. नाव कुणाचं आहे बघा. तुम्हाला बाहेर काढायचं कुणाच्या हातात आहे, याचा विचार करा. आणि घरात आतून लावता येईल असं एक तरी दार तुमच्यासाठी आहे का, तेही बघा. पुढच्या बैठकीत आपण यावरच बोलू.

बहीण आता साध्या दोन खोल्यांत राहते. करारावर तिचं एकटीचं नाव आहे. खिडक्या लहान आहेत, लेक अजून कुरकुरते. पण दोन्ही खोल्यांना दारं आहेत.