नोरा गेली, प्रेक्षक भांडत राहिले
(सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात याच हॉलमध्ये आपण इब्सेनच्या 'ए डॉल्स हाऊस'चं वाचन केलं. अनंत काणेकरांनी हेच नाटक 'घरकुल' म्हणून मराठीत आणलं. वाचन झालं आणि जी जुंपली, ती पार गेटपर्यंत! म्हणून आज त्यावरच बोलतो.

मला हे नाटक जवळचं, कारण त्यात बँक आहे. नायक हेल्मर नुकताच बँकेचा मॅनेजर झालाय. पूर्वी तो आजारी असताना त्याला इटलीला हवापालटासाठी नेता यावं म्हणून बायकोनं, नोरानं, गुपचूप कर्ज काढलेलं असतं. त्या काळी तिकडे नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नसे. जामीन म्हणून वडिलांची सही हवी, ती तिनंच ठोकली. सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. वडील वारले २९ सप्टेंबरला. आमच्याकडच्या नवख्या क्लार्कनंसुद्धा पकडलं असतं हो!

पुढे हे उघड होतं, नवरा तिला वाटेल ते बोलतो आणि संकट टळल्यावर लगेच माफही करतो. पण नोरा त्याला आणि तीन मुलांना सोडून निघते. खालचं दार बंद झाल्याचा आवाज येतो आणि पडदा पडतो.

हे २१ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात पहिल्यांदा झालं. पुस्तक त्याआधी अडीच आठवडे बाजारात आलेलं. ८,००० प्रती महिन्याभरात संपल्या. घराघरांत अशी भांडणं लागली की जेवणाच्या आमंत्रणातच 'कृपया या नाटकाचा विषय काढू नये' असं लिहीत, असं सांगतात. जर्मनीत तर हेडविग निमान-राबे ही प्रसिद्ध नटी अडून बसली. मी माझी मुलं कधीच टाकणार नाही, मग हा शेवट का करू? इब्सेनच्या नाटकांना तिथं कायद्याचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा त्यानं स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला: हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथंच कोसळते. या शेवटाला इब्सेन स्वतःच रानटीपणा म्हणे.

आता आपला हॉल. एकजण म्हणाले, "मुलं टाकून जाते ती आई कसली?" दुसरे म्हणाले, "फोर्जरी ती फोर्जरी." सही खोटी, यात वादच नाही, पस्तीस वर्षं सह्याच तपासल्यात मी. पण मौज बघा, जवळपास दीडशे वर्षांनंतरही आपण त्या दाराशीच भांडतोय. दाराआधीची आठ वर्षं कुणी काढलीच नाहीत.

नोरा निघण्याआधी तेच तर सांगते. लग्नाला आठ वर्षं झाली, पण दोघांनी बसून गंभीरपणे बोलण्याची ही पहिलीच वेळ. घर भरलेलं आहे: मुलं, दाई, मोलकरीण, रोज येणारा डॉक्टर, नाताळचं झाड. लाडही खूप. पण साधा खाऊ खाल्ला तरी नवऱ्यापासून लपवायचा. मनातलं बोलायचं ते डॉक्टरशी नाहीतर मैत्रिणीशी. मला हा एकटेपणा मुलं सोडण्याइतकाच भयंकर वाटतो.

तो मी काउंटरवरून पाहिलाय. जोडपं यायचं. नवरा फॉर्मवर बोट ठेवायचा, "इथं कर सही." बाई करायच्या. एकीनं विचारलं, "कशाची आहे हो?" तर उत्तर, "घरी सांगतो." काही वर्षांनी अशाच बाया पिशवीत पासबुकं घालून एकट्या यायच्या. साहेब, यांची खाती किती होती, तुम्हीच बघा ना. तीस-तीस वर्षांचे संसार! भांडणतंटा काही नाही. नवरे चांगले होते, बायकाच सांगायच्या. फक्त बोलणं झालेलं नव्हतं.

वाचनानंतर जिन्यात आपल्या एका ज्येष्ठ भगिनी मला म्हणाल्या, "ती गेली ते ठीक. पण त्या हेल्मरला सकाळी चहा तरी करता आला असेल का?" मी हसलो, त्या हसल्या नाहीत. हेल्मरची दया येणाऱ्या त्या एकट्याच भेटल्या मला. तोही त्या घरात आठ वर्षं एकटाच होता की! त्याला पत्ता नव्हता इतकंच.

असो, वेळ झाली. त्या दिवशी वाद घातला तो सगळा आम्ही पुरुषांनी. बायका खुर्च्या आवरत होत्या. आज खुर्च्या आम्ही आवरतो. सेक्रेटरीसाहेब, माईक आधी तिकडे द्या.